अवरेकाई आणि चारचा रीस्टार्ट

बनशंकरीच्या मार्केटात अवरेकाईच्या शेंगांच्या गाड्या लागल्या की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप चिमटा घ्यायला लागतात. कुणाचा, ते पुढे सांगते. डिसेंबर अर्धा सरलेला असतो. रिक्षावाले कानटोप्या घालून बसतात, आणि आम्ही नागपूरकर ज्या हवेला थंडी म्हणायचा विचारसुद्धा करणार नाही त्या हवेत अख्खं बेंगळुरू शाल पांघरतं. मग तो वास येतो. शेंगेच्या सालीवरचा तेलकट, रानटी, तीनदा साबण लावला तरी हाताला चिकटून राहणारा वास. माझ्या घरमालकीण सुभद्राअक्का त्याला 'सोगडु' म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना डोळे मिटतात. पहिल्या वर्षी मी त्या शेंगांना 'वाल' म्हणाले होते. अक्का माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत, आणि हे मी कमी करून सांगतेय.

यंदा गाड्या सोमवारी लागल्या. मी दोन किलो शेंगा घेऊन अक्कांच्या हवाली केल्या आणि जयनगरला ऑफिसात पोचले, तर तक्रारींच्या यादीत सगळ्यात वर एक ताजी तक्रार. एका ग्राहक कंपनीची. तुमचं सॉफ्टवेअर दर तीन-चार दिवसांनी गोठतं, आमचे वरिष्ठ रिपोर्ट मागतायत, कृपया तातडीने पाहावे. खाली नाव, सदानंद.

मी ते तीनदा वाचलं. मग उठून खिडकी उघडली, कारण खोलीतली हवा मला पुरेना. खालच्या स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेलं आपटलं, मला तो नगारा वाटला. हा माणूस माझ्याकडे काहीतरी मागायला येईल म्हणून मी सहा वर्षं वाट पाहिली होती. बनशंकरी अम्माच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या अर्ध्या सालीत दिवा लावतात. मी इतके लावले की मार्केटातली लिंबं संपली ती माझ्यामुळेच, असं अक्का अजून सांगतात.

सदानंद म्हणजे आमचा अण्णा. निपाणीकडचा. एकाच वाक्यात मराठी आणि कानडी असं काही मिसळायचा की ऐकणाऱ्याला दोन्ही येत असल्याचा भास व्हावा. बोलणं संपलं की 'सरी' म्हणायचा, म्हणजे ठरलं, म्हणजे आता पुढे कुणी बोलायचं नाही. कंपनीत तीनच माणसं होती तेव्हापासूनचा तो. आम्ही जे सॉफ्टवेअर विकतो त्याचा पाया त्याने एकट्याने घातला होता, आणि त्यावर नजर टाकायला तेव्हा दुसरं कुणी नव्हतंच. पुढे माणसं आली, पण पायाखाली वाकून पाहायची हिंमत कुणी केली नाही. मी तर पंचविशीची होते. अण्णा मला देवच वाटायचा.

आम्ही काय विकतो ते सांगते, नाहीतर माझा राग कळायचा नाही. आमच्या कोपऱ्यावर एक दर्शिनी आहे. उभ्याने खायचं, कूपन द्यायचं, पुढे सरकायचं. आत स्वयंपाकघर, बाहेर हजार भुकेले. हे हजार जण थेट आत घुसले तर आचारी मागच्या दाराने पळून जाईल, म्हणून मध्ये चार वाढपी. एक जण एका गिऱ्हाइकाची मागणी आत नेतो, ताट आणून देतो, मोकळा होतो, पुढच्याकडे वळतो. डेटाबेस म्हणजे ते स्वयंपाकघर. आमची प्रॉक्सी म्हणजे ते वाढपी. बास, एवढंच. एवढ्यावर तीन मजल्यांचं ऑफिस चालतं.

गिऱ्हाइकाने किती वेळ वाट पाहायची याची एक मर्यादा असते. आमच्याकडे ती तीस सेकंदांची होती. सहा वर्षांपूर्वी अशाच एका डिसेंबरात अण्णा मला कॉफीला घेऊन गेला. बाय-टू मागवली, म्हणजे एक कॉफी अर्धी-अर्धी दोन पेल्यांत. आणि पेला फुंकत म्हणाला, "तीस सेकंद कोण थांबतंय गं? पाच कर. सुटसुटीत. सरी?"

मी पाच केलं. लेखी मागितलं नाही. देव तोंडी सांगतो, त्याची पोच कुणी मागतं का?

दुसऱ्या दिवशी बनशंकरीच्या तिसऱ्या स्टेज नावाच्या वस्तीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी फोनवर आपला रक्ताचा रिपोर्ट उघडला आणि त्यांना कळलं की ते गरोदर आहेत. वय वर्षं ऐंशी. ज्या बाईंचा तो रिपोर्ट होता त्यांना कुणाचं तरी कोलेस्टेरॉल मिळालं. ज्याचं कोलेस्टेरॉल होतं त्याला कुत्र्याच्या रेबीजच्या लसीची आठवण. तपासणी केंद्र आमचं गिऱ्हाईक होतं. दुपारपर्यंत निम्मं दक्षिण बेंगळुरू दुसऱ्याच्या आजाराने घाबरलेलं होतं. हेडमास्तरांनी म्हणे पेढे वाटले. हे मी पाहिलेलं नाही, पण सांगायचं सोडणारही नाही.

आता आमच्या धंद्याची एक रीत ऐका. काही बिघडलं की रिपोर्ट लिहायचा, आणि त्यात कुणाचं नाव घालायचं नाही. दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा. किती सुंदर विचार! नाव नाही म्हणून कुणी घाबरत नाही, सगळे खरं सांगतात. आमच्याकडे तो रिपोर्ट टीममधला सगळ्यात ज्येष्ठ माणूस लिहायचा आणि मीटिंगमध्ये मोठ्याने वाचायचा. ज्येष्ठ एकच होता. अण्णाने वाचलं, "एका इंजिनियरने पुरेशी शहानिशा न करता प्रतीक्षेची मर्यादा घाईत बदलली."

बारा माणसं खोलीत. बाराच्या बारा माना माझ्याकडे वळल्या, आणि मग सुसंस्कृतपणे परत फिरल्या. बाय-टू कॉफीचा उल्लेख नव्हता. मी अण्णाकडे पाहिलं. तो पुढचं पान उलटत होता.

त्या दिवसापासून माझं नाव 'एक इंजिनियर' पडलं. मेधा हे नाव फक्त आईने आणि अक्कांनी चालू ठेवलं. "हे एक इंजिनियरला विचारा." "एक इंजिनियर आज डबा आणायला विसरली वाटतं." पार्सल आलं की गेटवरचा रखवालदारसुद्धा जिन्यातून ओरडायचा, "एक इंजिनियर का पार्सल!" नाव घातलं असतं तर बरं झालं असतं. नावाला निदान आडनाव असतं, भांडायला चुलते असतात.

आणि वर शिक्षा. आनेकलला कारखान्यांच्या रांगेमागे कंपनीची एक खोली होती. जुनी मशिनं, एक पंखा आणि कंटाळ्याने शाकाहारी झालेलं एक मांजर. संक्रांत झाली की मी तिथे जायचं, असं अण्णाने ठरवलं. सक्ती नव्हती, 'शांतपणे शिकायला मिळेल' म्हणून. बनशंकरीहून बस होती. तिथे गेलेला माणूस परत जयनगरला आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अण्णाने स्वतः काय केलं? मर्यादा परत तीस केली, आणि रोज दुपारी चार वाजता अख्खं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं. चारचा रीस्टार्ट. सगळे वाढपी घरी पाठवायचे, नवे बोलवायचे. जे काय गोंधळलं असेल ते धुऊन जाईल. का गोंधळतं, हे विचारायचं नाही. सरी. दहा मिनिटं काहीच चालायचं नाही, म्हणून त्या दहा मिनिटांत ऑफिसभर चहा सुरू झाला. मग चहाबरोबर कोडबळे, म्हणजे आपली कडबोळी, आले. मग लोक तीन पन्नासलाच कप धुवायला लागले. रिपोर्टांचा घोळ थांबला, आणि अण्णाला विश्वासार्हतेबद्दल काचेचा एक मोठा त्रिकोण मिळाला. तो त्याने टेबलावर असा ठेवला की दुपारचं ऊन त्यातून आरपार जाऊन थेट माझ्या डोळ्यांत यायचं. मुद्दाम ठेवला होता, अशी शपथ मी आजही घेईन.

मी ठरवलं की याच्या पायाखाली वाकायचं.

संक्रांतीला अकरा दिवस होते. अण्णा ऑफिसात मला जुन्या कोडला हात लावू देईना, म्हणून मी सुट्टी टाकली आणि अक्कांच्या पडवीत बसले. अक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं, म्हणे. फौज पुढे गेली, हे कॉफीला थांबले ते थांबलेच. त्यांच्या मराठीला वास येतो, कढीपत्त्याचा. पडवीत एका बाजूला मी आणि माझा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला अक्का आणि अवऱ्यांचा डोंगर. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून त्याच्या सालीतून टुण्णकन् बाहेर उडवायचा. त्याला म्हणतात हितकवरे. मशीन विचार करत असायचं तेव्हा मी दाणे चिमटायला घ्यायची. प्रत्येक दाणा अण्णाचा कान. मी त्या मोसमात अण्णाचे किमान चाळीस हजार कान उपटले.

"दाण्यावर कशाला राग गं?" अक्का म्हणाल्या. "स्वल्प हळू. डाळ चेंगरून जाते बघ."

मी त्यांच्यावरही फिस्कारले. त्यांनी चेंगरलेले दाणे फक्त माझ्यासमोरून उचलून वेगळ्या वाटीत ठेवले.

आता तुम्हाला वाटेल, दाणा सालीतून उडाला आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसलं काही झालं नाही. अक्कांनी सहज काही म्हटलं आणि मला कोडं सुटलं, असंही नाही. अक्का अकरा दिवस फक्त नातलगांची निंदा करत होत्या. मी खोटं स्वयंपाकघर बांधलं. मुद्दाम आळशी, मधूनच कधीतरी एखाद्या ताटाला सात सेकंद लावणारं. खोटी गिऱ्हाइकं बनवली, पाच सेकंदांत कंटाळणारी. आणि त्यांना एकमेकांवर सोडून मोजत बसले. लाख ताटं बरोबर गेली. दोन लाख. बरोबर आलेल्या उत्तरांचा एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

भोगीच्या दिवशी दुपारी, बाजरीच्या भाकरीचा वास आतून येत असताना, खोट्या गिऱ्हाईक क्रमांक सत्तेचाळीसला क्रमांक सेहेचाळीसचं ताट मिळालं. मी उडी मारली ती मला वाटतं थेट जयनगरला ऐकू गेली असावी. अक्कांच्या हातातून सूप पडलं.

चूक एवढीशी होती. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं की आमची प्रॉक्सी म्हणायची, हा वाढपी मोकळा झाला. पण तो मोकळा नव्हता. त्याचं ताट आत अजून तळलं जात होतं. त्याला नवी मागणी द्यायची, तो आत जायचा, खिडकीत तयार असलेलं जुनं ताट उचलायचा आणि नव्या गिऱ्हाइकासमोर ठेवायचा. तिथून पुढे त्याचं प्रत्येक ताट एकाने चुकलेलं. माझ्या पाच सेकंदांनी कंटाळणारी गिऱ्हाइकं वाढवली, इतकंच. चूक पायात होती. आणि आमच्याकडे कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली ते एका कळीवर दिसतं. मी ती कळ दाबण्याआधी हात धुतले. सदानंद, नऊ वर्षांपूर्वी.

मी त्या चुकीकडे बराच वेळ पाहत बसले. विचारणारा गेलेला असतो, उत्तर मात्र वाटेत असतं. आणि उत्तराला कुठेतरी उतरावंच लागतं. अण्णावरचा माझा राग त्या पंधरवड्यात असाच फिरत होता. रिक्षावाल्याला वाढला, आईला फोनवर वाढला, अक्कांना वाढला. ज्याच्या नावाचं ताट होतं तो जयनगरला चहात कोडबळं बुडवत होता. हे कळल्यावर मी शहाणी झाले असं समजू नका. मी फक्त पत्ता नीट लिहून घेतला.

दुरुस्ती चार ओळींची. वाढप्याने आधी जुनं ताट येईपर्यंत थांबायचं, ते टाकून द्यायचं, आणि मगच मोकळं व्हायचं. ती सगळ्यांसमोर चालवून दाखवली तेव्हा अण्णालाही नाही म्हणता येईना. रिपोर्ट मी लिहिला, आमच्या रीतीप्रमाणे, कुणाचंही नाव न घालता. आणि रीतीप्रमाणेच संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो ज्येष्ठाने वाचायचा होता. मी रिपोर्टाच्या कागदावर अक्कांच्या एळ्ळु-बेल्लाची पुडी ठेवली, तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, आणि दोन्ही हातांनी अण्णापुढे केली.

अण्णाने चार तीळ तोंडात टाकले आणि वाचायला लागला. पहिला परिच्छेद मस्त वाचला. मग, "मूळ कोडमध्ये, एका ज्येष्ठ इंजिनियरने..." आणि थांबला.

अण्णा पाणी प्याला.

"इथे एक शब्द जास्त आहे," तो म्हणाला.

"कुठला, अण्णा?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मीही पाहिलं, आणि मनात एकेक कान उपटत गेले. बारा माना आता त्याच्याकडे वळल्या होत्या. "राहू दे," तो म्हणाला. "सरी." आणि त्याने शेवटपर्यंत वाचलं. "मर्यादा बदलण्याची सूचना तोंडी देण्यात आली होती," हेही वाचलं. त्याचा आवाज बसला तो खोबऱ्याने, असं त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं.

आनेकल टळलं. त्या संध्याकाळी बनशंकरीपर्यंत मी चालत आले, खरं तर जमिनीपासून दोन बोटं वर तरंगत. 'एक इंजिनियर' त्या दिवशी मेली आणि अण्णाला ऑफिस 'ज्येष्ठ' म्हणायला लागलं, तेही पाठीमागून. उन्हाळ्याच्या आत त्याने कंपनी सोडली. काचेचा त्रिकोण विसरून गेला. मी तो दाराला अडसर म्हणून वापरते.

एक गोष्ट मात्र मी मोजली नव्हती. चूक गेली, म्हणून चारचा रीस्टार्ट गेला. रीस्टार्ट गेला, म्हणून चहा गेला. कोडबळे गेले. चार वाजता आता सगळं व्यवस्थित चालतं, त्यामुळे सगळे काम करतात. महिनाभर लोक माझ्याकडे असे पाहायचे, जणू मी कुणाच्या लग्नाचा मांडव मोडला.

तर यंदाचा सोमवार. सदानंदची तक्रार समोर, बोटांना सोगडु. ग्राहकांकडे दुरुस्ती असो की रीस्टार्टची वेळ, आमच्याकडूनच चढवली जाते, म्हणजे किल्ली माझ्या हातात. मी पहिलं उत्तर लिहिलं, आणि इतक्या आनंदाने मी प्रेमपत्रसुद्धा लिहिलं नव्हतं: "तपास सुरू आहे. तोवर तात्पुरता उपाय म्हणून रोज चार वाजता रीस्टार्ट लावला आहे." खाली सही, मेधा, ज्येष्ठ इंजिनियर. हो, सहा वर्षांत मीही झाले.

मग तपास केला. आठवडा गेला. शेंगांचे दोन डोंगर झाले. अक्का आता फक्त सोलतात, बोटं आखडतात त्यांची, म्हणून चिमटायचं काम माझ्याकडे. आणि पुढच्या सोमवारी सकाळी चूक सापडली.

वाढप्याने जुनं ताट येईपर्यंत थांबायचं, असं मी लिहिलं होतं. किती वेळ थांबायचं, ते लिहिलं नव्हतं. आत चूल विझली, आचारी बेशुद्ध पडला, ताट कधीच येणार नसलं तरी तो बिचारा खिडकीशी उभा. मग दुसरा. मग तिसरा. चौथाही उभा राहिला की बाहेरची हजार माणसं उपाशी. मी कळ दाबली, हात न धुता. ओळ कुणाची ते मला माहीत होतं. त्या चार ओळी मी सूड म्हणून लिहिल्या होत्या. अण्णा कसा तोंडघशी पडेल याचा मी अकरा दिवस विचार केला, आणि वाढपी कसा उपाशी राहील याचा अकरा मिनिटंही नाही.

आता रिपोर्ट लिहायचा होता, आणि तो वाचणार होता सदानंद. 'एका इंजिनियरने' लिहावं, तर तो हसून एक शब्द वाढवणार. 'एका ज्येष्ठ इंजिनियरने' लिहावं, तर तो तीळ न खाताही ठसका लागेपर्यंत हसणार. संध्याकाळी चिमटीतले दाणे चेंगरत होते. अक्कांनी वेगळी वाटी पुढे सरकवली.

सकाळी मी लिहिलं, "ही ओळ मी, मेधाने, लिहिली. सहा वर्षांपूर्वी, रागात." आमच्या रिपोर्टात नाव घालणारी मी पहिलीच. माझ्या मनाचा मोठेपणा वगैरे शोधू नका. विशेषण लावायला त्याला मोकळी जागा मिळू नये, एवढाच हेतू होता. दुरुस्ती तयार ठेवली आणि रिपोर्ट पाठवला.

दुपारी साडेतीनला उत्तर आलं. "सरी. वाचलं. मी तेव्हा एवढं लिहिलं नव्हतं, ते आठवतंय. दुरुस्तीची घाई करू नकोस. इथे लोकांना चारच्या चहाची सवय लागलीय. कोडबळेही सुरू झालेत. पुढच्या आठवड्यात पाठवलीस तरी चालेल."

मी दोनदा वाचलं. पहिल्या वाक्यांशी मी त्याला माफ करायच्या बेतात होते, हे मी नाकारत नाही. शेवटच्या वाक्याशी तो बेत मोडला. माझ्याच उपायावर हा माणूस पुन्हा सगळ्यांचा लाडका होऊन, पाय पसरून चहा पीत होता.

घड्याळात तीन चाळीस. बोटं हुंगली, सोगडु अजून होता. तीन पन्नासला, तिकडे कप धुवायला घेतले असतील तेव्हा, मी दुरुस्ती चढवली आणि रीस्टार्टची वेळ पुसून टाकली.

चार वाजता त्यांच्याकडे काहीच बंद पडलं नाही.